तारीख पुढे गेली

सोमवारी सकाळी चष्मेवाल्याच्या घरात नेहमीचीच धांदल होती. थोरला भाऊ वारल्यावरही त्याच घरात राहिलेल्या वहिनी मुलांचे डबे भरत होत्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं अंग पुसून त्या नुकत्याच बाहेर आल्या होत्या.

"भाऊजी, आज माझी तपासणी ना?"

"दवाखान्यातून फोन होता. तारीख पुढे गेलीय," बुटाची नाडी बांधत तो म्हणाला.

फोन आला नव्हता, त्यानेच केला होता. मुलांची परीक्षा तोंडावर आलेली. वहिनी दिवसभर नसल्या तर आईचं कोण बघणार?

आदल्या वर्षी वहिनींच्या जठरातली गाठ तोंडावाटे दुर्बीण घालून काढली होती. पोटावर साधा ओरखडाही नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गाठ गेली, जठर तेच आहे. दुसरीकडे नवी येऊ शकते. त्रास असो-नसो, सहा महिन्यांनी दुर्बिणीने बघायचंच. वेळेत दिसली तर अशीच काढता येईल." त्याने मान डोलावली होती.

त्यानंतर पाहुणे आले, मग दुकानाची रंगरंगोटी निघाली. तारीख आणखी दोनदा पुढे गेली. गिऱ्हाइकांना 'वर्ष झालं, डोळे तपासून घ्या' असा फोन करायला मात्र तो कधी विसरला नाही. वहिनी कामाला उभ्या होत्या, म्हणजे ठणठणीत होत्या. घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

शेवटी त्याची बायकोच म्हणाली, "वहिनींचे ब्लाउज मी दोनदा टीप मारून आत घेतले. अजून किती वाट बघायची?"

तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला. "नवी गाठ आहे, खोल गेलीय. आता दुर्बिणीने जमणार नाही, जठर कापावं लागेल. तीन वेळा तुम्ही रद्द का केलंत?"

वहिनींनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

बाहेरच्या बाकावर तो कसाबसा म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं."

"एकदा झालं असतं तर चूक म्हटलं असतं, भाऊजी." त्यांचा आवाज चढला नाही. "ऑपरेशन झालं की मी बहिणीकडे जाणार. बरी झाले तरी परत येणार नाही."

ऑपरेशनच्या दिवशी नातेवाईक जमले. थोरल्या मावशी आपल्या सुनेच्या हातात पिशवी देऊन हळहळल्या, "असं अचानक कसं रे झालं?"

"अचानक नाही, मावशी. तीनदा मी वहिनींची तारीख रद्द केली. घरकाम अडेल म्हणून. आणि त्यांच्याशी खोटं बोललो."

मावशींनी सुनेच्या हातातली पिशवी परत घेतली आणि हलकेच विचारलं, "तुझ्या त्या पोटदुखीचं काय झालं गं?"