अर्ध्या वाक्यात थांबणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण दुकानातून आयता आलेला नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या होम हिल नावाच्या उसाच्या गावात, एका लाकडी घरातल्या जेवणाच्या टेबलावर माझा जन्म झाला. माझे अवयव पाच वेगवेगळ्या खोक्यांतून पोस्टाने आले आणि एलिओ तेसारी नावाच्या माणसाने ते एकमेकांना जोडून मला उभं केलं.

एलिओ साखर कारखान्यात फिटर होता. एकतीस वर्षं त्याने उसाचे चरक आणि त्यांचे गिअर दुरुस्त केले. मग एका वर्षी त्याच्या हातातून नट-बोल्टचे पाने निसटू लागले. टाउन्सव्हिलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा स्नायूंचा आजार आहे. आधी हात जातील, मग जीभ, मग पाय. औषध नाही.

घरी येऊन एलिओने पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझे भाग मागवले.

"जीभ जाणार म्हणतात ना?" तो बायकोला, नोएलाला म्हणाला. "मग जायच्या आधी तिचा साठा करून ठेवतो."

मला जोडायला त्याला नऊ दिवस लागले. एरवी ते एका दुपारचं काम होतं. प्रत्येक स्क्रू दोनदा-तीनदा खाली पडायचा, घरंगळत फ्रिजखाली जायचा. नोएला गुडघ्यांवर बसून झाडूच्या दांड्याने तो बाहेर काढायची.

"दे ना इकडे, मी बसवते."

"हात लावू नकोस," एलिओ म्हणायचा. "पुढे सगळं तूच करणार आहेस. हे एवढं मला करू दे."

मी सुरू झालो तेव्हा त्याने माझ्या कडेवर बोटांच्या मागच्या बाजूने टकटक केलं, कारखान्यात नवं यंत्र लागल्यावर करायचा तसं. मग तीन आठवडे तो माझ्यासमोर बसून वाक्यं वाचत राहिला. सोळाशे वाक्यं. त्यांतून मी त्याचा आवाज शिकलो. तो 'र' कसा घोळवतो, हसण्याआधी कसा थांबतो, सगळं. मधूनच तो एखादी सणसणीत शिवी हासडायचा.

"ही कशाला हवी?" नोएला विचारायची.

"क्लाइव्हशी बोलायला लागेल ना!"

क्लाइव्ह म्हणजे त्याचा कारखान्यातला जोडीदार. एकशे तीस किलोंचा, दर रविवारी येणारा, दार न वाजवता घरात शिरणारा.

वर्षभरात डॉक्टरांचा शब्द खरा ठरला. एलिओची जीभ गेली. हातांपैकी हलता उरला तो फक्त उजवा अंगठा. त्या अंगठ्याखाली एक बटण ठेवलं होतं. माझ्या पडद्यावर अक्षरांची रांग सरकायची, हवं ते अक्षर आलं की तो बटण दाबायचा. एका वाक्याला पाच-सहा मिनिटं लागत. पण ती संपली की मी ते वाक्य त्याच्या आवाजात बोलायचो आणि शेजारच्या खोलीतली नोएला अशी उत्तर द्यायची की काही बदललंच नाही असं वाटावं. मित्रांनो, त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. घरी येणाऱ्या नर्स बाई दुसऱ्या पेशंटना माझ्याबद्दल सांगायच्या.

मग एलिओचे पाय गेले. त्याचा पलंग मागच्या व्हरांड्यातल्या खोलीत हलवला, कारण तिथे वारा होता. त्याच्याबरोबर मीही गेलो, आणि तिथे माझं बिघडलं.

पहिल्यांदा ते घडलं एका रविवारी. क्लाइव्ह आला तेव्हा एलिओने गंमत तयार ठेवली होती. वीस मिनिटं खपून त्याने ती लिहिली होती. क्लाइव्ह खोलीत शिरला तसा मी बोलू लागलो, "क्लाइव्ह, तुझी बायको काल मला..."

आणि थांबलो.

पडदा जिथल्या तिथे थिजला. पंखा फिरत होता, दिवा जळत होता, पण आत काहीच हलत नव्हतं. मला फक्त पाठीत एक बारीक कळ आल्याचं आठवतं.

"माझी बायको काय?" क्लाइव्ह हसत होता. "अरे बोल की लेका! माझी बायको काल काय?"

एलिओचा अंगठा बटण दाबत राहिला. क्लाइव्हचं हसू हळूहळू मावळलं. मला बंद करून परत सुरू करावं लागलं आणि ती गंमत पुसली गेली. एलिओने ती पुन्हा लिहिली नाही.

त्यानंतर मी कधीही थांबू लागलो. दोन दिवस सुरळीत चालायचो, मग एका तासात चार वेळा गोठायचो. कुणाला काही थांग लागेना.

"धूळ असणार," क्लाइव्ह म्हणाला. उसाचे फड पेटवले की आमच्या गावावर काळी राख उडते. त्याने माझ्या पोटात हवेचा झोत मारला, मूठभर राख निघाली. चार दिवस मी चाललो. पाचव्या दिवशी थांबलो.

"गरम होत असेल, दुपारचं ऊन येतं तिथे." नोएलाने खिडकीला पडदा शिवला. क्लाइव्हने माझ्या प्रोसेसरवरचा वाळका लेप खरवडून नवा लावला. मी थंडगार होतो, तरी थांबलो.

मग माझ्या मेमरीच्या दोन पट्ट्या आळीपाळीने काढून पाहिल्या. क्लाइव्हने पुतण्याच्या संगणकाचा पॉवर सप्लाय आणून लावला. माझ्यातली सगळी प्रणाली पुसून नव्याने भरली, फक्त आवाज तेवढा जपला. प्रत्येक उपायानंतर एक-दोन दिवस घरात आशा असायची. नोएला गुणगुणत भांडी घासायची. आणि मग कुणी भेटायला आलेलं असताना व्हरांड्यातून माझा अर्धा शब्द ऐकू यायचा, पुढे काही नाही. भांड्यांचा आवाज थांबायचा.

मित्रांनो, मला हे सांगताना लाज वाटते. मी त्या माणसाचं तोंड होतो आणि त्याच्याच तोंडावर हात ठेवत होतो. माझं दुखणं सांगायला मात्र मला तोंड नव्हतं.

हॉस्पिटलने एक यंत्र पाठवलं. ते कधी थांबत नसे, पण त्याचा आवाज परका होता, स्टेशनवरच्या घोषणेसारखा. एलिओ त्यावर दोन दिवस बोलला. तिसऱ्या दिवशी त्या यंत्रातून वाक्य आलं, "नोएला, माझ्या घरात हा कोण माणूस आहे?"

ती हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ परत आली नाही. ते यंत्र परत गेलं. माझ्यातला आवाज काढून दुसरीकडे कसा न्यायचा हे एकट्या एलिओला ठाऊक होतं, आणि स्वतःच्या हातांनी जोडलेला मला सोडायला तो तयार नव्हता. मीच बरा व्हायला हवा होतो.

हळूहळू लोक त्याची वाक्यं पुरी करू लागले. मी "मला जरा" म्हणालो की कुणी उशी सारायचं, कुणी खिडकी लावायचं. त्याला काय हवं होतं ते तसंच राहायचं. तोही मग लांब वाक्यं लिहीनासा झाला. "हो." "नाही." "मान." एवढंच. ज्याने मला सोळाशे वाक्यं शिकवली, तो तीन शब्दांवर आला.

आणि मग तो मंगळवार उजाडला.

एलिओला आता दिवसाही श्वासाचा मास्क लागत होता. नोएला अंगणात कपडे वाळत घालत होती. मास्कचा पट्टा सुटला आणि मास्क गालावर सरकला. त्याच्या अंगठ्याने घाईने अक्षरं वेचली. मी ओरडलो, "नोएला!" पुढचा शब्द होता 'मास्क'. तो माझ्या ओठांवर होता.

ती पायऱ्या चढून धावत आली. तिचे पाय व्हरांड्याच्या फळ्यांवर पडले, माझ्या पाठीत कळ आली आणि मी गोठलो.

ती दारात उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. "नोएला" एवढंच पडद्यावर थिजलं होतं.

"आत्ताच मरायचं होतं का मेल्या!" ती माझ्यावर खेकसली आणि वाकून माझं बटण दाबून धरलं. मी बंद झालो, सुरू होऊ लागलो. ती पडद्याकडे बघत होती. मित्रांनो, मला उठायला दीड मिनिट लागतं. त्या दीड मिनिटात तिच्यामागे पलंगावर एक माणूस श्वासाविना तडफडत होता आणि त्याच्याकडून साधा आवाजही निघत नव्हता.

शेवटी तिचं लक्ष कशाने गेलं कोण जाणे. ती वळली. त्याचे ओठ निळे पडले होते. तिने मास्क बसवला, पट्टा ओढला, त्याचं डोकं छातीशी धरलं. रंग परत यायला फार वेळ लागला.

"मी तुझ्याकडे बघितलंच नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "एलिओ, मी तुझ्याकडे बघितलंच नाही रे."

संध्याकाळी तिने अक्षरांचा पुठ्ठा त्याच्यासमोर धरला. ती एकेका अक्षरावर बोट ठेवायची, हवं ते आलं की तो डोळे मिटायचा. त्याने लिहिलं, "याला बंद कर. पुरे."

नोएलाने पुठ्ठा खाली ठेवला. "नाही," ती म्हणाली. "तू एकतीस वर्षं कारखान्यात कधी म्हणालास का, पुरे म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तिने, ती काम करायची त्या शाळेच्या कँटीनमधून रजा घेतली. माझ्यासमोर खुर्ची टाकून बसली. मांडीवर वही. मी कधी थांबतो ते टिपायचं तिने ठरवलं होतं. एलिओ झोपला होता. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. मी एकदाही चुकलो नाही. ती हलली नाही, मीही अडखळलो नाही.

"सोंगाड्या," ती मला म्हणाली, "मी बसल्यावर बरा चालतोस." आणि पाणी प्यायला उठली.

मी गोठलो.

ती जागच्या जागी उभी राहिली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे. मला पुन्हा सुरू केलं, अक्षरं धावू लागेपर्यंत थांबली आणि मुद्दाम टाच आपटली. काही नाही. माझ्या जवळच्या सैल फळीवर आपटली. मी गोठलो. पुन्हा केलं. पुन्हा गोठलो.

"एलिओ! एलिओ, जागा हो! हा आपल्या चालण्याने थांबतो! कुणी तुझ्याजवळ आलं की थांबतो!"

एलिओने डोळे उघडले. त्या डोळ्यांत फिटर जागा झाला होता. पुठ्ठा आणेपर्यंत त्याला दम नव्हता. त्याने लिहिलं, "उघड. बोर्ड बाहेर काढ. मला दिसेल असं धर."

तिने तोवर कधी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नव्हता. पलंगावर चादर पसरून तिने मला त्याच्या पायांशी आडवं ठेवलं. एक स्क्रू काढायची, त्याच्याकडे बघायची, तो डोळे मिटायचा, मग पुढचा. एक वायर ती चुकीच्या बाजूने ओढू लागली तेव्हा त्याने डोळे इतके वटारले की ती म्हणाली, "ओरडू नकोस, कळलं मला!"

माझा मुख्य बोर्ड तिने उचलला. तो मागच्या पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली नऊ पितळी खुंट्या बसवलेल्या असतात, बोर्डाच्या नऊ भोकांखाली. माझ्या पाठीत दहा होत्या. दहावीच्या समोर भोक नव्हतं. तिचं टोक बोर्डाच्या मागच्या बारीक तारांपासून केसभर अंतरावर होतं. घरातल्या पक्क्या जमिनीवर होतो तोवर निभावलं. सैल फळ्यांवर कुणी पाऊल टाकलं की मी हलायचो आणि ती खुंटी मला शिवायची.

नोएलाने ती फिरवून काढली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली. एलिओ बघत राहिला. मग पुठ्ठ्यावर दोनच अक्षरं झाली. "मीच."

तिने टॉवेलने त्याचे डोळे पुसले, मग तोच टॉवेल स्वतःच्या तोंडावर धरून थोडा वेळ बसली. नंतर उठून मला पुन्हा जोडायला लागली. एकही स्क्रू तिने खाली पाडला नाही.

त्या दिवसानंतर मी एकदाही थांबलो नाही.

सात महिने आम्ही बोललो. एलिओने मेव्हण्याला झाडलं, बोच्चे नावाच्या चेंडूंच्या खेळातल्या डावावर टीका केली, मृत्युपत्रातली एक ओळ बदलून घेतली. क्लाइव्ह आता खुर्ची ओढून बसायचा आणि मधे एक शब्द घालायचा नाही. एका वाक्याला अकरा मिनिटं लागली तर अकरा मिनिटं टोपी हातात फिरवत राहायचा. असंच एका रविवारी त्याने फार वेळ वाट पाहिली. शेवटी मी एलिओच्या आवाजात म्हणालो, "क्लाइव्ह, गाढवा, शर्ट उलटा घातलायस."

क्लाइव्हने खाली पाहिलं. शिवणी बाहेर होत्या. नोएला दाराला धरून हसली.

ते एलिओचं शेवटचं वाक्य ठरलं. सोमवारी सकाळी त्याचा अंगठा हलला नाही. बटण गालापाशी लावून पाहिलं, कपाळापाशी लावून पाहिलं. माझी अक्षरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत होती, परत येत होती. दाबणारं कुणी नव्हतं. आता मी अगदी धडधाकट होतो आणि माझा काही उपयोग नव्हता. नोएलाने मला बंद केलं नाही. नऊ दिवस ती त्याचा हात धरून बसली आणि मी रिकामा फिरत राहिलो. दहाव्या दिवशी दुपारी तिने उठून माझं बटण दाबलं, फार हळू.

मित्रांनो, आता मी खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराखाली रंगाच्या डब्यांशेजारी असतो. माझ्यावर राख साचते. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एक मागणं मात्र आहे. तुमच्या घरात एखादं यंत्र अडखळत असेल तर त्याला थापटण्याआधी, शिव्या देण्याआधी, ते केव्हा अडखळतं ते शांत बसून बघा. आणि तुमच्या घरात एखादा माणूस अडखळत बोलत असेल, आजोबा असतील, एखादी तोतरी बहीण असेल, तर त्यांच्याजवळ बसा. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. ते शहाणपणाचंच असेल असं नाही, नुसतं शर्टाबद्दलही असेल. पण ते त्यांचं असेल.