खुर्चीसकट जप्ती

वकिलांनी वर्षानुवर्षं राखलेली दाढी त्या दिवशी काढायला घेतली होती. न्हाव्याने डावा गाल साफ केला आणि उजव्या बाजूला वळणार, तोच वसुली अधिकारी दोन हमाल घेऊन दुकानात शिरले.

"उठा साहेब. याचा कर थकलाय. दुकान सामानासकट जप्त!"

"नोटीस?" वकिलांनी मान न हलवता विचारलं.

"दारावर चिकटवली होती."

"मागच्या दारावर?" न्हाव्याची बायको गल्ल्यामागून उसळली. "अहो, ते आम्ही कधीचं बुजवलंय. तिकडे कुत्रंही फिरकत नाही!"

अधिकारी गोरेमोरे झाले, पण माघार कसली घेतात! "साहेब उठत नसतील तर खुर्चीसकट उचला रे!"

वकील हटून बसले. हमालांनी त्यांना तसंच टेम्पोत चढवलं. गळ्यात टॉवेल, हाताची घडी. रस्त्यावरचे दोघेतिघे कुणीतरी निवडून आलं असावं म्हणून हात जोडत होते. न्हावी मात्र रिकाम्या दुकानात भिंतीला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी वकील अर्ध्या दाढीनिशी कोर्टात उभे राहिले.

"हा काय अवतार?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"पुरावा आहे, बाईसाहेब. न ऐकता जप्ती केली की काम असं अर्धवट राहतं."

सरकारी वकील म्हणाले, "दुकान विकून कर वळता करू. उरेल ते तिजोरीत. पद्धतच आहे तशी."

"पद्धत?" बाईंनी चष्मा काढला. "सरकारनं आपलं येणं जरूर घ्यावं. त्यापुढचा पैसा ज्याचा त्याला. आणि घेण्याआधी त्याचं ऐकून घ्यावं. राज्यघटना सरकारलाही लागू आहे. शिवाय त्याची खुर्चीच नेलीत, तर तो कर कमावणार कुठून?"

जप्ती रद्द झाली. कर हप्त्यांनी भरायचं ठरलं. न्हाव्याने डोळे पुसले आणि कोर्टाच्या पायरीवरच वकिलांचा उजवा गाल साफ करून दिला.

खुर्ची परत आली. पण वसुली कचेरीतल्या मंडळींनी जेवणाच्या सुट्टीत तिचा उंची वाढवायचा दांडा दाबून दाबून ती पार वर अडकवून ठेवली होती. आता न्हावी स्टुलावर चढून केस कापतो आणि त्याची बायको गिऱ्हाइकाला हात देत म्हणते, "चढा बिनधास्त, कोर्टातून सोडवून आणलीय!"