डाखाचं सोनं

केरबानं मणी ऐरणीवर ठेवून हातोडी घातली आणि मणी चटकन तडकला.

"आयला, डाखाचं सोनं!" तो म्हणाला.

खाणीतलं सोनं असं तडकत नाही. जुने दागिने वितळवले आणि त्यांचे सांधे जोडायला लावलेला डाख आत राहिला, की तडकतं. विट्यात सोनं गाळण्यात हयात गेलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. पण गेल्या साली खाण कंपनीच्या लालासाहेबांनी सोन्याचा म्हणून दगड आणला, केरबानं तो कुटून मुशीत गाळला, हाच पिवळा मणी निघाला, आणि लालासाहेबांनी लगेच त्याच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. मग ठोकून कोण बघतोय! केरबा "अस्सल" म्हणाला आणि निम्म्या गावानं शेअर घेतले.

आज गावच्या शाळेत कंपनीची सभा होती. लढाईत नवरा गेलेली त्याची धाकटी बहीण मनुबाई लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पाटल्या घेऊन तिकडंच गेली होती. केरबा तसाच धावत सुटला.

शाळेत लालासाहेब अहवाल वाचत होते. खाण म्हैसुराकडं होती म्हणे. ती पाहिलेला एकही माणूस तिथं नव्हता. यंदा नफा नाही, कारण कंपनी खोल गेली. पुढच्या साली आणखी खोल जाणार, म्हणून नवे शेअर. रोख नसेल तर दागिनेही चालतील. काय पण अक्कल! आणि ही शहाणी मंडळी मेंढरागत माना डोलावत होती.

"सायेब, त्या दगडात मोडीचं सोनं घातलं हुतं," केरबा दारातूनच ओरडला. "आज ठोकलं, तडकलं."

लालासाहेब हसले. "गेल्या वर्षी अस्सल म्हणाले ते कोण?"

"मीच. तवा ठोकलं न्हवतं. चुकलं माजं."

"तीस वर्षं सोनं गाळणारा गलाईवाला ठोकायला विसरला?"

सभा खो खो हसली. केरबानं बहिणीचा हात धरला.

"मने, चल घरी."

तिनं हात सोडवून घेतला. "तवा फेटा तुला मिळाला, तवा सोनं खरं. आता माज्या पोरीचं भलं व्हायची पाळी आली, तर तडकलं व्हय, दादा?"

तिनं पाटल्या टेबलावर ठेवल्या.

कंपनीच्या कारकुनानं खिशातून कसोटीचा दगड काढला, दोन्ही पाटल्या त्यावर घासल्या आणि उमटलेला कस उजेडाकडं धरून पाहिला.

"चोख आहे," तो म्हणाला.