ज्याचं त्याचं औषध

या रुग्णालयात रोग्याच्या जिवापेक्षा मोठं काहीच मानत नाहीत. फक्त एका डॉक्टरने दुसऱ्याचं औषध बंद करायचं नाही, एवढं सांभाळून.

अण्णा घोटा मोडून आले होते. हाडांच्या डॉक्टरांनी दुखू नये म्हणून इंजेक्शन सुरू केलं. जखम चिघळली तेव्हा जंतूंचे डॉक्टर आले आणि एक जालीम अँटिबायोटिक लावून गेले. मग पाय सुजले, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांनी अंगातलं पाणी उतरवायचं औषध दिलं. जो येई तो आपली भर घालून जाई. काही काढून नेण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही. शेवटी लघवीच आटली, तेव्हा किडनीच्या डॉक्टरांना बोलावलं.

"औषधांनी किडनीला मार बसलाय," ते अण्णांच्या बायकोला, काकूंना म्हणाले. "तिन्ही मिळून."

"मग बंद करा की."

"तसं नाही करता येत, काकू. ती त्यांची औषधं आहेत. मी विनंती करून ठेवतो. सोमवारपर्यंत बघू, नाहीतर डायलिसिसला घेऊ."

"त्याला नाही कोणाला विचारावं लागत?"

"छे. ते माझंच आहे."

"अगं, डायलिसिसच्या कागदावर सही करून टाक," अण्णा पलंगावरून म्हणाले. "एवढी मोठी माणसं येताहेत, नाही म्हणणं बरं दिसत नाही."

नोकरीत जन्मभर साहेबांपुढे उठून उभा राहिलेला माणूस. किडनीपेक्षा आता उठता येत नाही याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं. काकूंनी सही केली. यंत्राला जुंपलेला नवरा डोळ्यांपुढे आणत त्या शनिवार-रविवारच्या सुट्टीभर लघवीच्या पिशवीकडे बघत बसल्या. मध्येमध्ये अण्णांना पाणी पाजत होत्या.

सोमवारी चौघेही डॉक्टर एकदम आले. पिशवी भरलेली होती. रक्ताचा रिपोर्टही सुधारला होता.

"दुखणं आटोक्यात आलं की शरीर साथ देतं," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"जंतू हटले, सर. मूळ तेच होतं."

"माझ्या औषधानेच धार सुटली," हृदयवाले म्हणाले.

"आणि मला वेळेत बोलावलंत," किडनीवाल्यांनी आपला वाटा उचलला. "डायलिसिस नको. जे चाललंय ते चालू द्या."

सगळ्यांनी एकमेकांना आधी दाराबाहेर पडायचा आग्रह केला आणि ते गेले.

काकूंनी अण्णांचा सुजलेला हात उशीवर नीट ठेवला. तिन्ही औषधं ज्या सुईतून जायची, ती शनिवारी सकाळीच निघून आली होती आणि नवी लावणारा माणूस रजेवर होता.