नाव शोधणाऱ्या क्वेरीची फरपट

मी क्वेरी बोलतेय. दचकू नका, मी भूतबीत नाही. पडद्यावर नाव लिहून तुम्ही बटण दाबता, तेव्हा माहितीच्या कोठारात जाऊन त्या माणसाची नोंद शोधून आणणारी जी कोणी असते, ती मी. पडद्यावर गोल चक्र फिरत असतं ना, तेव्हा मी आत धावत असते. शिव्या मात्र चक्राला पडतात, एवढंच माझं नशीब.

माझा जन्म नागपुरात झाला. रोशन नावाच्या इंजिनियरला सडक अर्जुनीकडच्या एका धान खरेदी संस्थेची वेबसाइट करायचं काम मिळालं होतं. त्यानं मला हातानं लिहिलंही नाही. फ्रेमवर्क नावाचा तयार साचा असतो, त्यात दोन शब्द टाकले की माझ्यासारख्या पोरी आपोआप जन्माला येतात. बापानं तोंडही पाहिलं नाही! चाचणीपुरती कोठारात त्याच्या मित्रांची मोजकी नावं होती. मी वाऱ्यासारखी जाऊन आले. "एकदम फास्ट," म्हणत त्यानं मला सासरी धाडलं.

सासरी हजारो सभासद. तरी निभलं असतं, पण उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष चुन्नीलालजी आले. एका बोटानं टाइप करता करता ते कंटाळले आणि नुसतं 'लाल' लिहून त्यांनी बटण दाबलं. मी रिकाम्या हातानं परतले, कारण मला नावाच्या सुरुवातीपासून शोधायला शिकवलं होतं.

"संस्था हमारी, और हमकोच नहीं पहचानती?" अध्यक्ष भडकले.

झालं! रोशननं जागच्या जागी हुकूम बदलला: नावात कुठंही ती अक्षरं असली तरी आण. पडद्यावर नावाशेजारी सभासद क्रमांकाचा रकाना होता. "सभासद म्हणजे कैदी आहेत काय, नंबरनं बोलवायले?" असं म्हणून अध्यक्षांनी तोही काढायला लावला. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून माझी फरपट सुरू झाली. सुरुवात ठाऊक असली की सरळ त्या जागी जाता येतं. 'कुठंही' म्हटल्यावर प्रत्येक नाव उलगडून बघणं आलं. अध्यक्षांचं बघून सगळेच अर्धं नाव लिहू लागले, आणि आमच्याकडे दर दुसरा पुरुष कुठला तरी लाल नाहीतर राम! भरीस भर, सापडलेल्या प्रत्येकाचं गाव विचारायला मी वेगळी खेप करायची. बाजारातून एक वांगं आणायचं, मग मिरचीसाठी परत जायचं, असला कारभार.

उपाय बक्कळ झाले. नवा कॉम्प्युटर आला, त्याला हार घातला. नेट बदललं. दसऱ्याला नारळ फोडला, त्याचं पाणी कीबोर्डात गेलं. "ऊपर से ही स्लो है," हे अध्यक्षांचं ठरलेलं उत्तर. वर म्हणजे नेमकं कुठं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही.

याच दिवसांत संस्थेच्या खिडकीशी अनुसयाबाई नावाच्या एक सभासद खेटे घालत होत्या. त्यांचं धान संस्थेच्या अंगणात उघड्यावर पडलेलं, वर फाटकी ताडपत्री, आणि आभाळ भरून आलेलं. मी नोंद आणल्याशिवाय माप होणार नव्हतं.

"काऊन वो पोरी, अजून फिरूनच राहिलं काय ते?"

"काय करू काकू, निघूनच नाही राहिलं," कॉम्प्युटरवर बसणारी दुर्गेश्वरी म्हणायची. "उद्या या."

मी तेव्हा आत केवलराम, दुधराम उलगडत असायचे. 'येतेय हो!' असं ओरडावंसं वाटे. पण ठरलेली वेळ संपली की अर्ध्या वाटेतच माझा गळा दाबला जाई. ज्यांची नावं अध्यक्षांना तोंडपाठ होती, त्यांचं धान मागच्या दारानं मापलं जात होतं. त्यांना शोधायला मी लागत नव्हते.

शेवटी दुर्गेश्वरीनं रोशनला फोनवर झापलं. "तुमी एकदा या खिडकीत येऊन बसा, मंग समजन!"

त्या दिवशी रोशननं पहिल्यांदा माझं तोंड पाहिलं. मी काय विचारते, कुठं अडते, किती वेळ लावते, सगळं बघितलं आणि बिचारा शरमला. त्यानं क्रमांकाचा रकाना परत आणला, पुस्तकामागे असते तशी सूची कोठाराला जोडली, आणि नावाबरोबर गावही एकाच खेपेत आणायला मला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाईंचा क्रमांक टाइप झाला आणि दुर्गेश्वरीनं बोट उचलायच्या आत मी उत्तर घेऊन हजर! इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्यांच्या नोंदीपुढे उत्तर होतं: गोदाम भरले, खरेदी बंद.

अनुसयाबाई खिडकीत वाकल्या. "नाहीच म्हणायचं होतं, त मंग इतके दिवस कायले बसवलं?"

संध्याकाळी पाऊस आला. ताडपत्रीखालच्या धानाला आता कोंब फुटलेत. मला फार वाईट वाटतं.

हल्ली खिडकीशी रोज भांडणं होतात. 'नाही' हे उत्तर क्षणात मिळतं, त्यामुळे माणसं लगेच पुढचा प्रश्न विचारतात: गोदाम भरलं कुणाच्या धानानं? काल चुन्नीलालजींनी रोशनला बोलावून घेतलं.

"बेटा, पयलेवालीच बरी होती. लोक चक्र पाहत बसत, चहा पिऊन घरी जात."

"बघतो," म्हणून रोशन गेलाय.

तो परत येण्याआधी, दुर्गेश्वरी, गोदामाचा तो प्रश्न एकदा मला विचार. उत्तर आत आहे, आणि सध्या तरी मी फार वेगानं धावते.