दाताखालचं बी

"ह्ये ऐकून तुमा कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, आन् बसलाच तर घरी जाऊन झोप लागायची न्हाई," केरबा म्हणाला आणि मांडीवरची पुरचुंडी त्यानं दोन्ही हातांनी झाकून घेतली.

बिरोबाच्या देवळासमोर, लिंबाखाली घोंगडी अंथरून बसलेली पंधरावीस माणसं खो खो हसली. हसणारच. केरबाचं तोंड उघडलं की पहिलं वाक्य हेच निघायचं. त्याचं हरवलेलं मेंढरू एकदा दंडोबाच्या डोंगरावर ढगात चरताना सापडलं होतं. म्हैसाळ योजनेचं पाणी कालव्याला पहिल्यांदा आलं, तेव्हा त्यातून आलेला मासा त्याच्याशी कानडीत बोलला होता आणि केरबानं त्याला कानडीतच शिवी हासडली होती. अशा माणसाचं ऐकून हसायचं नाही तर काय करायचं?

पण आज केरबाला हसणारी माणसं नको होती. भिणारी हवी होती.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ही मंडळी दरवर्षी इथं जमायची. दुसऱ्या दिवशी परसात आळी करून वेल लावायचे, म्हणून आदल्या दिवशी बियांची अदलाबदल. कवठे महांकाळच्या आसपासच्या वाड्यांवरची माणसं दोडका, गवारी, तांबडा भोपळा घेऊन यायची. कऱ्हाड-मलकापूरकडं दिलेल्या लेकीबाळी तिकडचा घेवडा आणि पावटा आणायच्या. तोलमाप नाही, हिशेब नाही. मूठ द्यायची, मूठ घ्यायची. दंडक एकच, तोही ह्या मेळ्याची कारभारीण असलेल्या धोंडाक्काच्या सासूनं घालून दिलेला. देणाऱ्यानं आपल्या मुठीतलं एक बी सगळ्यांदेखत दातानं फोडायचं. अर्धं आपण खायचं, उरलेलं अर्धं घेणाऱ्याच्या तळहातावर ठेवायचं आणि त्यानंही ते तिथंच खायचं. बी पोकळ आहे की किडकं, हे दाताला बरोबर कळतं. आणि जे आपल्या तोंडात घालवत नाही, ते दुसऱ्याच्या परसात पेरायला द्यायचं नाही, एवढा साधा त्यामागचा अर्थ.

केरबाच्या पुरचुंडीत जे होतं, ते तोंडात घालण्यासारखं नव्हतं.

त्याची बायको बनुबाई माघात गेली. बनुबाईचं वाळूक म्हणजे साऱ्या पंचक्रोशीत नाव होतं. हातभर लांब, पिकलं की वेलावरच फुटायचं आणि वास असा सुटायचा की रस्त्यानं जाणारा माणूस कुंपणापाशी थबकायचा. गेली दोन वर्षं बाकीच्यांची वाळकं रोगानं गेली होती. बी उरलं होतं ते एकट्या बनुबाईकडं. ती ते जुन्या चालीनं ठेवायची. गरासकट बिया ओल्या शेणात कालवून, त्याची गोवरी थापून ती चुलीमागच्या भिंतीला उभी करायची. किडा लागत नाही, उंदीर शिवत नाही.

तिच्या दहाव्याच्या दिवशी आंघोळीचं पाणी तापवायला केरबानं हाताला लागली ती गोवरी चुलीत सारली. सरपण ओलं होतं, ही गोवरी मात्र खणखणीत वाळलेली. जरा वेळानं चुलीतून तड तड आवाज यायला लागला. कुणीतरी अंधारात बसून दात वाजवावेत तसा. केरबा पाटावर बसून तो आवाज ऐकत राहिला. काय जळतंय हे ध्यानात येऊन त्यानं चिमटा घातला, तोवर आत निखारा उरला होता. त्याच पाण्यानं त्यानं आंघोळ केली. हे त्यानं आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं. जन्मभर नसलेलं सांगणाऱ्या माणसाला झालेलं सांगता येईना.

आणि सांगायचं तरी कसं? लिंबाच्या बुंध्याशी बनुबाईची बसायची एक चपटी शिळा होती. सकाळी धोंडाक्कानं आपल्या पदरानं ती पुसली आणि म्हणाली, "बस केरबा. बनूचं बी घेऊन आलायस, बनूच्या जाग्यावर बस." त्या शिळेवर तो बसला होता. बी नाही म्हटलं की शिळा गेली, आणि शिळेबरोबर बनुबाईचं नावही गेलं. तिच्या वाळकाची राख करणारा माणूस कोण, तर तिचा नवरा.

म्हणून आठ दिवसांपूर्वी तो तालुक्याला जाऊन काकडीच्या बियांची दोन पाकिटं घेऊन आला होता. वाळकाचं बी आणि काकडीचं बी, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. फक्त हे गुलाबी होतं. दुकानदारानं बजावलं होतं, "आज्जा, औषध लावल्यालं हाय. पेरल्यावर हात धुवा. तोंडात घालू नगा, पोराबाळांपासनं लांब ठेवा." केरबानं बी तीन पाण्यांतून धुतलं, राखेत चोळलं, उन्हात वाळवलं. गुलाबी रंग गेला. औषध गेलं का, ते बिरोबाला ठाऊक.

एक दाणा तो स्वतः चावून मोकळाही झाला असता. सत्तरी उलटलेल्या हाडाला काय होतंय? उद्या वाळकाच्या जागी काकड्या लागल्या, तर त्यावर गोष्टही तयार होती. पण उरलेला अर्धा दाणा कुणाच्या तळहातावर ठेवायचा, हे त्याला इथं येऊन बसल्यावर कळलं.

धोंडाक्काची नात अंकिता त्याच्या अगदी समोर बसली होती. मलकापूरला दिलेली, नवरा फौजेत, सातवा महिना म्हणून बाळंतपणाला माहेरी आलेली. आल्या आल्या ती म्हणाली होती, "आज्जा, मला दुसरं कायबी नगं. बनूआज्जीचं वाळूक तेवढं पायजे. पयली मूठ माझी हां."

घोळका एकेकाला पुढं घेत चालला होता. दोडका झाला, गवारी झाली. दातांखाली बिया कुटकुट फुटत होत्या. वारा पडला होता, लिंबाचं पान हलत नव्हतं. केरबाच्या पुरचुंडीतून मघाशी दोनचार बिया खाली सांडल्या होत्या, त्या पुजाऱ्याच्या तलंगीनं टिपल्या. केरबानं ते पाहिलं होतं. आता ती कोंबडी देवळाच्या पायरीखाली जाऊन बसली होती, मान पंखात घालून. भर दुपारी कोंबडी अशी बसत नाही. का उन्हानं बसली असेल? केरबा तिच्याकडं बघायचं नाही म्हणत होता आणि त्याचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडंच जात होते.

"केरबा, तुजी पाळी," धोंडाक्का म्हणाली. "फोड दाणा."

तेव्हाच त्यानं ते पहिलं वाक्य टाकलं होतं.

"आक्का, ह्यो दाणा दातानं फोडायचा न्हाई," हसू ओसरल्यावर तो पुढं म्हणाला. "बनूचं बी हाय ह्ये. बनू गेली त्या राती चुलीमागल्या गोवरीतनं आवाज यायला लागला. तड, तड, तड. म्हटलं उंदीर असंल. दिवा घेऊन गेलो तर गोवरी गरम लागती हाताला. अंगात ताप असल्यावाणी."

"तूच ताडीत असशील," शेजारचा कोंडीबा म्हणाला. केरबाबरोबर मेंढरं राखून म्हातारा झालेला गडी, त्याला कशाचा वचक नव्हता. "तवा घराची भितबी गरम लागती."

"हास, गड्या, हास. सयाजीबी असाच हासला."

"कोण सयाजी?"

"जताकडचा. माझा मावसभाऊ. बनूच्या तेराव्याला आल्याला." केरबानं आवाज खाली आणला. हा त्याचा जुना हातखंडा. आवाज खाली गेला की माणसं पुढं सरकतात. ती सरकलीही. "मला म्हटला, बघू रं वैनीचं बी. मी नगं नगं म्हणूस्तवर गोवरी फोडली आन् एक दाणा घातला दाताखाली. कुट्ट. झालं. तिसऱ्या दिवशी जिभंखाली काय तरी टोचाय लागलं. बायकोनं तोंड उघडून बगितलं तर पांढरं मूळ."

"आई गं," कुणीतरी म्हणालं.

"पाचव्या दिवशी कानातनं कोंब. दोन पानं, लुसलुशीत. डाक्टरनं कात्रीनं कापली तर सयाजीच वरडला. आठव्या दिवशी बोलणं बंद. वेल नरड्यातनं खाली उतरला, पोटात फळ धरलं. हातभर लांब. वरनं हात लावला तर कळायचं."

आता कोंडीबासुद्धा कान देऊन ऐकत होता. केरबाला बरं वाटायला हवं होतं. पण ही गोष्ट त्यानं मनात जुळवली होती तशी बाहेर येत नव्हती. तड तड म्हणताना त्याला ती चूल दिसत होती. पोटात फळ म्हणताना समोर अंकिता बसली होती, पोटावर हात ठेवून. तो नको ते बोलत होता आणि थांबता येत नव्हतं, कारण थांबला की दाणा फोडायचा होता.

"मग?" धोंडाक्कानं विचारलं. तिचे डोळे बारीक झाले होते. ती केरबाच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत होती.

"मग आवसंला ते फळ फुटलं. आतल्या आत. आन् सयाजीच्या तोंडातनं आवाज आला, पर सयाजीचा न्हाई. बनूचा. म्हणली, माजं बी कुणी चावलं? माजं बी कुणी..."

केरबा अडखळला. पुढचा शब्द 'जाळलं' होता. तो जिभेवर आला होता, जसा काही सयाजीच्या जिभेखालचा कोंबच. त्यानं तो गिळला.

"म्हणून सांगतो," तो घाईनं म्हणाला, "ह्ये बी नुसतं पेरायचं. दात लावायचा न्हाई. बनूची आण हाय."

त्यानं पुरचुंडी सोडली आणि घोंगडीवर बियांची छोटी रास केली. पांढरं, स्वच्छ, एकसारखं बी. कुणी हात पुढं केला नाही. कोंडीबानं तर मांडी मागं घेतली. जमलं, असं केरबाला वाटलं. आता मुठी द्यायच्या, उठायचं आणि शिळेचा मान न गमावता घरी जायचं.

पण पोटुशी बाई आणि वाळूक, ह्यांच्या मधे कुठली आण टिकणार?

"आवं आज्जा, मला बनूआज्जी काय करायची न्हाई," अंकिता हसत म्हणाली. "गेल्या साली तिनं सोताच्या हातानं दाणा फोडून माझ्या तोंडात घातला व्हता. लय गोड बी. म्हणली, पुढच्या साली दोघं मिळून खावा. आता मी दोगं हाय का न्हाई?" आणि तिनं चिमटीत दोन बिया उचलल्या, एक तिची, एक पोटातल्याची, आणि तोंडाकडं नेल्या.

केरबानं पायरीकडं पाहिलं. तलंगी एका अंगावर पडली होती. तिचा एक पाय हवेत ताठ झाला होता आणि चोच उघडी होती.

तो कसा उठला, त्याला कळलं नाही. गुडघे धरून उठणारा म्हातारा शिळेवरून उडी मारल्यासारखा पुढं आला आणि त्यानं अंकिताच्या हातावर असा फटका मारला की तिच्या बांगड्या फुटल्या. एक बी घोंगडीवर पडलं. दुसरं तिच्या ओठाला चिकटलं होतं.

"थुक!" तो ओरडला. "थुक ते! चूळ भर! पाणी आणा रं कुणी तरी, पाणी!"

त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं तिचे ओठ पुसले, पुन्हा पुन्हा, कातडी निघेल इतके. कोंडीबा तांब्या घेऊन आला. अंकितानं चूळ भरली, पुन्हा भरली, आणि भेदरून आजीकडं बघत राहिली. सगळी माणसं उभी राहिली होती. कुणाच्या तरी पायानं बियांची रास विस्कटली होती आणि तिच्यात तांबड्या काचेचे तुकडे मिसळले होते.

"वेल येईल म्हणून मारलं, पोरी," केरबा धापा टाकत म्हणाला. "सयाजीवाणी... पोटात..."

धोंडाक्का सावकाश जवळ आली. तिनं एक बी उचलून उन्हात धरलं. मग तिनं केरबाचा उजवा हात धरला, तळवा उलटा केला आणि त्याची बोटं एकेक करून सरळ केली. नखांच्या कडेला, कातडीच्या भेगांत, आठ दिवस राख चोळूनही न गेलेला फिकट गुलाबी रंग होता.

"केरबा," ती म्हणाली, आणि देवळापुढच्या प्रत्येकाला ऐकू गेलं, "गोवरीतल्या बीला शेणाचा कण चिकटल्याला असतोय, ह्याला न्हाई. आन् कुणाच्या कानातनं कोंब आला म्हणून गरवार पोरीवर कुणी असा हात टाकत न्हाई. तुजा सयाजी खोटा, ह्ये बियाणंबी खोटं, इखाचं औषध लावल्यालं दुकानातलं. आता एकच सांग. माझ्या बनूचं बी कुठाय?"