घरीच आहेत

कोसबाड

चिकूच्या टोपलीमागून शितल उठली आणि गाडीच्या खिडकीत वाकून म्हणाली, "मावशी, काका कुठे?"

पुतळी म्हणाली, "घरीच आहेत."

इतकं सहज, की जणू तिचा नवरा नारू खरंच डहाणूला ओटीवर पाय पसरून बसला होता. तिचा मुलगा जिग्नेश स्टिअरिंग धरून समोर बघत राहिला. सून रुपलने मोबाइलमध्ये मान घातली. नणंद पुष्पा, नारूची धाकटी बहीण, जिला कशावरही बोलल्यावाचून राहवत नाही, तीसुद्धा सुक्या बोंबलांच्या गोणीला टेकून बाहेरच्या वाडीकडे बघू लागली.

शितलने काकांसाठी म्हणून मऊ पिकलेले चिकू निवडून वेगळे दिले. त्यांना दात नाहीत, हे तिच्या लक्षात होतं.

मागचं, थोडक्यात

नारू श्रावणात वारला. अंगणात फाटलेलं जाळं सांधत बसला होता, पुतळी आत चहा टाकत होती. ती कप घेऊन बाहेर आली तोवर सगळं उरकलं होतं. शेजारणीने पाहिलं. बातमी गल्लीतून बंदरावर, बंदरावरून मासळी बाजारात आपल्या पायांनी गेली. जो आला तो ऐकूनच आला. पुतळीला कुणालाच काही सांगावं लागलं नाही.

म्हणून ते वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. कुणी "दादा गेल्यापासून" असं म्हटलं की ती मान डोलवायची. डोलवणं जमायचं.

पण तलासरीच्या पलीकडे, पाड्यावर, नारूच्या जुन्या मित्राला, बारक्याला, काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे फोन नाही. दरवर्षी भात झोडून झालं की डहाणूचं हे कुटुंब गाडी घेऊन त्याच्या अंगणात उतरायचं. सुके बोंबील द्यायचे, तांदूळ घ्यायचे. वजनकाटा दोघांनीही कधी आणला नाही. नारू ओंजळीने बोंबील टाकायचा, बारक्या सुपाने तांदूळ. आणि मग भांडण: नारू म्हणायचा मी कमी दिलं, बारक्या म्हणायचा मी कमी दिलं. एक वेळ अशी यायची की दोघांच्या बायका हात धरून त्यांना थांबवायच्या.

यंदा जिग्नेश म्हणाला, मी एकटाच जाऊन सांगून येतो, तू नको येऊस. पुतळी म्हणाली, नाही. बारक्याला मी सांगेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याने ऐकायचं नाही.

ही तिची अट. तिचं तोंड मात्र कोसबाडलाच असं वागलं.

झरी

ताडीवाला हाल्या म्हणाला, "नारूभाई दिसत नाहीत?"

"घरीच आहेत. पाय दुखतात."

या वेळी पायही जोडले गेले. हाल्याने बाटली भरून दिली. सकाळची आहे, गोड आहे, दुपार ओलांडली की आंबेल, लवकर पाजा त्यांना, असं बजावलं. पैसे पुढच्या खेपेला नारूभाईकडूनच घेईन म्हणाला.

गाडी सुटली तशी पुष्पा म्हणाली, "माझ्या भावाचे पाय कधीपासून दुखायला लागले?"

झरी ते तलासरी : गाडीत न बोललेलं

जिग्नेश : आई, मी सांगू का?

रुपल : ताडी गळतेय. बोंबील भिजतील.

पुष्पा : तो माझाही भाऊ होता, वहिनी.

जिग्नेश : तू म्हणालीस म्हणून तरी बाबा घरी असतील, असं मला क्षणभर वाटलं.

पुतळी :

पाडा

नवशीने पाणी आणलं. तिचा नवरा बारक्या बसल्या जागेवरून गाडीकडे बघत होता. सगळे उतरले तरी त्याची मान तिकडेच. तो कुठे, असं त्याने विचारलं, आणि पुतळीच्या तोंडून तेच निघालं. घरीच. पाय.

बारक्याला वाईट वाटलं, पण फार नाही. पाय त्याचेही दुखत होते. त्याने सूप आणलं, तांदळाची कणगी उघडली. पुतळी गोणीपाशी बसली आणि दोन्ही हात बोंबलांत घालून ओंजळ भरली. आजवर हे काम तिने केलं नव्हतं. बोंबील बोटांमधून निसटून खाली पडले.

बारक्या हसला. "ही काय ओंजळ झाली? भांडायचं कुणाशी मी? तुझ्याशी?"

त्याने कणगीचं तोंड पुन्हा झाकलं. सूप भिंतीला लावलं. बोंबील परत घेऊन जा म्हणाला, आज राहू दे. त्याचे पाय बरे झाले की घेऊन ये. महिना लागू दे, दोन लागू दे. "मी थांबतो. त्याच्यावाचून मी हे करत नाही."

आणि तो खरंच थांबला असता. पुतळीला ते दिसलं. हा म्हातारा रोज दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसेल, आणि नवशी म्हणेल, येईल उद्या.

"थांबू नको, बारक्या," ती म्हणाली. "ते यायचे नाहीत. श्रावणात वारले. मी आत चहा टाकत होते."

निघालं वाक्य. आभाळ जागच्या जागी होतं.

नवशी होती तिथेच खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली. इतके महिने बायका पुतळीला कवेत घेत होत्या. आज पहिल्यांदा तिला कुणालातरी धरायचं होतं. ती नवशीजवळ गेली आणि तिची पाठ चोळू लागली. हाताला काम मिळालं तसं तिला बरं वाटलं.

बारक्याने भिंतीला लावलेलं सूप उगाच सरळ केलं. मग त्याने एवढंच विचारलं, "चहा प्याला का तो?"

"नाही."

"मग?"

"मी प्याले," पुतळी म्हणाली. "थंड झाला असता. लोक यायच्या आधी तिथेच बसून पिऊन टाकला. पिता पिता त्यांच्याशी दोन शब्द बोलले पण."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुष्पा पदराने नाक पुसत म्हणाली, "तरीच. मी म्हणते, एवढ्या गोंधळात कप कुणी विसळला?" आणि आधी रुपल हसली, मग तीच पुष्पा, मग रडता रडता नवशी.

हाल्याची ताडी बारक्याने मागून घेतली. थोडी नारूच्या नावाने अंगणात ओतली, उरलेली प्याला. आंबली होती. मग सूप पुन्हा काढलं. त्याने तांदूळ घातले आणि पुतळी म्हणाली, फार झाले. तो म्हणाला, कमी आहेत. ती म्हणाली, मला फसवू नको. आवाज चढले. नवशीला उठून मध्ये पडावं लागलं.

परत

झरी. हाल्याला सांगितलं. ताडीचे पैसे दिले, ते त्याने जिग्नेशच्या खिशात परत कोंबले.

कोसबाड. शितलला सांगितलं. ती रडली, आणि चिकू राहू द्या म्हणाली.

वाक्य दरवेळी थोडं हलकं होत होतं.

उतारावर

डोक्यावर गाठोडं घेतलेल्या एका अनोळखी बाईने हात दाखवला. जिग्नेशने गाडी थांबवली. बाई पुतळीला खेटून बसली, खालच्या पाड्यावर उतरायचं म्हणाली. कुठून आलात, एवढंच विचारलं तिने.

"माझा माणूस श्रावणात वारला," पुतळी म्हणाली.

बाई हळहळून चुकचुकली. पुतळीने तिला मग बाकीचंही सांगितलं. तो कसा घोरायचा, वादळात होडी कशी परत आणायचा, सुनेच्या हातची भाजी तिच्यासमोर वाखाणून मागे कसा नाक मुरडायचा. "अच्छा," रुपल म्हणाली. बाईचा पाडा आला. जिग्नेशने गाडी हळू केली.

"चालू द्या," बाई म्हणाली. "येईन मी मागे चालत. होऊ दे यांचं."

"समुद्राला भ्यायचे नाहीत," पुतळी सांगत होती, "पण कोंबडीला भ्यायचे. देवाशपथ. कोंबडी आली की खाटेवर चढायचे."

"कोंबड्याला, वहिनी," मागून पुष्पा म्हणाली. "कोंबडीला नाही. उगाच माझ्या भावाला बदनाम करू नको."